कर्बोदके कमी करण्याचे पथ्य आणि जैन स्वयंपाकघर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धर्मसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवात वजन कमी करण्याच्या पथ्यावर व्याख्यान ठेवले गेले, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. जेथे आत्म्याचा विचार व्हायचा, तेथे पोटाचा घेर कशाला मोजायचा, ही शंका स्वाभाविकच आहे. परंतु अन्नाचा इतका बारीक विचार जैन परंपरेखेरीज क्वचितच कोठे झाला असेल. काय खावे, केव्हा खावे, किती खावे, कशाबरोबर काय खाऊ नये, कोणत्या तिथीला काय सोडावे, याची एक नियमावली प्रत्येक श्राविकेच्या बोटांवर असते. गेल्या काही वर्षांत त्याच स्वयंपाकघरात दुसरी एक नियमावली शिरली आहे. ती कधी व्यायामशाळेतून येते, कधी मोबाईलवरून, तर कधी पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या पुतण्याकडून. भाकरी-भात बंद करा आणि तूप-पनीर खा, असे ती सांगते. या दोन नियमावल्यांची गाठ ज्या ओट्यावर पडते, तो ओटा हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रारंभी एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावेत. हे गृहस्थ कोणी एक नव्हेत; समाजातील अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून उभे केलेले हे चित्र आहे. तालुक्याच्या गावी अडतीचे दुकान, सकाळपासून गादीवर बैठक, वय ५२, उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४ किलो, कमरेचा घेर १०२ सेंटिमीटर. सात वर्षांपासून मधुमेह. घरात कंदमूळ येत नाही, चौविहार नियमाने असतो, सूर्यास्तापूर्वी डबा दुकानातच उघडतो, अष्टमी-चतुर्दशीला एकासणे होते. त्यांची तक्रार अशी की, मांस नाही, अंडे नाही, दारू नाही, रात्रीचे जेवण नाही, मग हे वजन आले कोठून?

पुतण्या संगणक अभियंता. त्याने चार महिन्यांत ११ किलो वजन उतरवले आणि काकांना त्याच वाटेने जाण्याचा आग्रह केला. काकांनी घरी येऊन जाहीर केले की उद्यापासून फुलका, भाकरी, भात, साखर बंद. त्यावर काकूंनी विचारले, “अहो, पण मग जेवायचं काय?”

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. पुढील सारे विवेचन त्याच्याच भोवती फिरणार आहे.

ही कल्पना नवी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. राजघराण्याच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणे हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय. वयाच्या साठीनंतर त्यांचे शरीर इतके सुटले की जिना उतरताना ते उलटे उतरत. ऐकू कमी येते म्हणून १८६२ मध्ये ते विल्यम हार्वी या शल्यचिकित्सकाकडे गेले. हार्वी यांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत आणि शर्करा यांविषयीची व्याख्याने ऐकली होती. त्यांनी बँटिंग यांचा पाव, साखर, दूध, बिअर आणि बटाटा बंद केला. वर्षभरात २०२ पौंडांचे वजन ४६ पौंडांनी उतरले. १८६३ मध्ये बँटिंग यांनी आपला अनुभव एका पुस्तिकेत छापला आणि ती हातोहात खपली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने हेच पथ्य नव्या पिढीपुढे ठेवले. आज ज्याला ‘किटो’ म्हणतात, त्याचा उगम मात्र निराळा आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी तो आहार सुचवला होता. तो वजनासाठी नव्हताच.

बँटिंग यांच्या ताटातून गेलेला बटाटा जैन घरात कधी आलाच नव्हता, ही एक गमतीची गोष्ट. परंतु त्यांच्या ताटात जे उरले, ते होते मांस, मासे आणि मद्य. या पथ्याचा जन्मच मांसाहारी ताटावर झाला. तेथे पाव काढला तरी ताट भरलेले राहते. येथे फुलका काढला की ताटात एक वाटी डाळ आणि एक वाटी भाजी उरते. काकूंचा प्रश्न नेमका हाच होता.

आता अडतीच्या दुकानावरील त्या गृहस्थांचा दिवस पाहू. सकाळी पोहे किंवा खाखरे. दिवसभरात साखरेचे तीन कप चहा. दोन वेळचे मिळून आठ फुलके, एकदा डाळ-भात, दुपारी गिऱ्हाइकाबरोबर मूठभर फरसाण. एका फुलक्यात साधारण १७-१८ ग्रॅम कर्बोदके धरली, तर फुलक्यांचीच १४० ग्रॅम होतात. भात, डाळ, पोहे, साखर, दूध आणि फरसाण मिळवले की बेरीज ३१० ग्रॅमच्या आसपास जाते. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ही ६२ टक्के ऊर्जा झाली. हा आकडा केवळ त्यांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडिॲब पाहणीवर आधारलेला जो आहारविषयक अहवाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असेच आढळले. प्रथिनांचा वाटा त्या मानाने फार थोडा. याच पाहणीने २०२३ मध्ये देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३ कोटी ६० लाख सांगितली होती.

अनेकांना वाटते की आपण तर लठ्ठ नाही, तेव्हा हे आपल्यासाठी नाही. त्यांच्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे एक छायाचित्र बोलके आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापले गेले. त्यात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही तंतोतंत २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ भारतीय माणूस आतून मेदयुक्त असू शकतो, हे स्वतःच्याच देहाचे उदाहरण देऊन सांगणारे असे संशोधक विरळा. म्हणूनच भारतीयांसाठी हे गुणोत्तर २३ ला जादा वजनाचे आणि २५ ला लठ्ठपणाचे मानतात, तर कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. गादीवरील गृहस्थांचे गुणोत्तर जवळजवळ ३० होते.

मग पथ्य सुरू झाले. पुतण्याने पाठवलेली यादी काकू आणि सूनबाईंनी ओट्यावर ठेवली आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ खोडायला सुरुवात केली. अंडी, मासे, कोंबडी ही पहिली पाने तर सरळच गेली. शाकाहारी पानावर अळंबी होती, ती अभक्ष्य. भाताऐवजी फ्लॉवरचा कीस होता. फ्लॉवरमधील जीवजंतूंमुळे तो अनेक घरांत वर्ज्य. प्रत्येक भाजीत कांदा-लसूण. बदामाच्या पिठाचा पाव होता, पण तो फुगवायला अंडी. चीज होते, पण ते विरजण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरले आहे की नाही हे वेष्टनावर पाहावे लागते. सकाळच्या कॉफीत लोणी घालून पिण्याची टूम होती. लोणी तर मध, मद्य आणि मांस यांच्या जोडीने चार महाविगईंत गणले आहे. साखरेऐवजी मध सुचवला होता, त्याचीही तीच गत. शिवाय मध म्हणजे साखरच. माशाच्या तेलाच्या गोळ्या होत्या. इतर पूरक गोळ्यांचे आवरणही बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले.

गावातील आहारतज्ज्ञांनी सुचवलेले वाटीभर मोड आलेले मूगही अडले. अंकुरलेले धान्य अनंतकाय मानले जाते. सल्ला देणाऱ्याला हे ठाऊक नसते आणि ऐकणारा संकोचाने सांगत नाही. मग कागद फ्रिजला चिकटून राहतो आणि घरात पूर्वीचेच चालू राहते. न मोडवता भिजवून शिजवलेले मूग प्रथिनांच्या दृष्टीने फारसे कमी नसतात, एवढे सांगितले असते तरी काम झाले असते.

पुढची अडचण पंचांगाची. पथ्याचा सारा भार हिरव्या भाज्यांवर असतो. परंतु चातुर्मासात पालेभाज्या बंद. तिथीला हिरवीच भाजी नाही. त्या दिवशी ताटात काय असते? गट्ट्याची भाजी, पापडाची भाजी, बेसन, सुके मूग, कढी आणि फुलके. याखेरीज द्विदलाचा नियम. कच्च्या दही-ताकाचा डाळी-कडधान्यांशी संयोग चालत नाही, तेव्हा प्रथिनांचे हे दोन मोठे साठे एका घासात एकत्र येऊ शकत नाहीत. दुपारी डाळ आणि दुसऱ्या वेळेला पनीर किंवा दही, अशी विभागणी करावी लागते. लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये लिहिल्या गेलेल्या कोणत्याही पुस्तकात हे सापडणार नाही. ते काकूंनाच बसवावे लागते. आणि जे तरुण श्रावक आजच्या दुग्धव्यवसायातील हिंसेचा विचार करून दूधही सोडतात, त्यांच्यासाठी तर ही वाट आणखी अरुंद होते. सोयाबीन, शेंगदाणे, तीळ आणि बदाम यांवरच त्यांना निभवावे लागते.

जाता जाता बाजारातील ‘जैन’ या शब्दाविषयी. जैन वडा, जैन पावभाजी, जैन चिवडा. कांदा-लसूण नाही आणि बटाट्याच्या जागी कच्चे केळे, एवढाच त्याचा अर्थ. कच्च्या केळ्यातही भरपूर पिष्ट असते, आणि मैदा व तळणीचे तेल यांना धर्म नसतो. त्या शब्दाने मन निश्चिंत होते आणि हात दुसऱ्यांदा पुडीत जातो.

परंतु या अडचणींहून खोल असा एक विरोध आहे आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ या सहांना शास्त्रकारांनी विगई म्हटले, म्हणजे विकार वाढवणारे. दिगंबर परंपरेतही रसत्यागात दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ हे सहा रस सोडतात. चैत्र आणि आश्विनातील आयंबिलाची ओळी आठवावी. नऊ दिवस, दिवसातून एकदा, विगईविना, फळ-भाजीविना, मसाल्याविना शिजवलेले धान्य आणि डाळ. आहारशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर आयंबिल म्हणजे जवळजवळ स्निग्धरहित आणि कर्बोदकप्रधान आहार. कमी कर्बोदकांचे पथ्य याच्या बरोबर उलट आहे. परंपरेने जे सोडायला सांगितले, ते हे पथ्य भरभरून खायला सांगते. आणि परंपरेने जे निर्दोष मानून शेवटपर्यंत ठेवले, ते धान्यच आधी काढते. विगईतील केवळ गूळ-साखर तेवढी दोघांनाही नको आहे.

तरीही आयंबिलाच्या ओळीनंतर कपडे सैल होतात आणि किटोच्या चार महिन्यांनंतरही होतात. हे कसे? दोहोंतही खाण्याची निवड आखडते, आणि निवड आखडली की एकूण खाणे आपोआप घटते. तूप लावलेला फुलका, तळलेला पापड, तुपातला शिरा यांत पिष्ट आणि स्निग्ध एकत्र येतात, तेथे हात थांबत नाही. नुसते पनीर किती खाणार आणि नुसता अळणी भात तरी किती खाणार?

मोठ्या चाचण्यांतूनही फारसे निराळे दिसलेले नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर केलेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना कमी स्निग्धाचा आणि निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर दिला. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळून भाज्या भरपूर खायला सांगितले होते. वर्षअखेर पहिल्या गटाचे सरासरी ५.३ आणि दुसऱ्याचे ६ किलो वजन उतरले. हा फरक नगण्य मानला गेला. मात्र प्रत्येक गटात काहींचे वजन २५-३० किलोंनी उतरले, तर काहींचे उलट वाढले. इस्राएलमधील डिमोना येथील ३२२ जणांची दोन वर्षांची चाचणी २००८ ची. तीत कमी स्निग्धाच्या गटाचे २.९, भूमध्यसागरी आहाराच्या गटाचे ४.४ आणि कमी कर्बोदकांच्या गटाचे ४.७ किलो वजन कमी झाले. जैन श्रोत्यांसाठी लक्षणीय गोष्ट ही की, या शेवटच्या गटाला स्निग्ध आणि प्रथिने शक्यतो वनस्पतीजन्य घ्यावीत असा सल्ला दिला होता. म्हणजे मांसावाचून हे पथ्य जमतच नाही असे नाही. पण दोन वर्षांच्या प्रयत्नाचे सरासरी फळ ४.७ किलो आहे, चार महिन्यांत ११ नव्हे, हेही तितकेच लक्षात ठेवावे.

पहिल्या आठवड्यातील चमत्काराचा उलगडाही येथेच करावा. यकृत आणि स्नायूंमध्ये सुमारे ४००-५०० ग्रॅम शर्करा ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली असते आणि तिच्या तिप्पट पाणी तिला धरून असते. धान्य बंद केले की हा साठा आटतो, पाणी निघून जाते आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. चरबी तेवढी घटलेली नसते. एका लग्नाच्या पंगतीत ते पाणी परत येते आणि माणूस निराश होतो.

आता त्या गृहस्थांचे काय झाले ते पाहू. पहिले दहा दिवस उत्साहात गेले. डोके दुखले, शौचास त्रास झाला, पण काटा उतरला. घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. अकराव्या दिवशी अष्टमी आली. एकासणे दुपारी होणार होते. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी त्यांनी नेहमीप्रमाणे सकाळी घेतली. आदल्या दिवशी पोटात धान्य नव्हते, आज न्याहारी नव्हती. अकराच्या सुमारास गादीवर बसल्या बसल्या हात कापू लागले, घाम फुटला, समोरच्या वहीतील आकडे धूसर झाले. मुनीमजींनी साखरेचे पाणी पुढे केले. गृहस्थांनी मान हलवली: “आज पच्चक्खाण आहे.”

याच क्षणासाठी या व्याख्यानाचे प्रयोजन आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन रक्तातील साखर खाली ओढतात, मग पोटात अन्न असो वा नसो. धान्य अर्ध्यावर आणताना यांची मात्रा डॉक्टरांनी कमी केली नाही, तर साखर घसरून शुद्ध हरपू शकते, प्रसंगी जीव जाऊ शकतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांचा धोका आणखी फसवा आहे. उपवासात किंवा किटोत त्या चालू ठेवल्या, तर रक्तात आम्ल साचते आणि तपासणीत साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही. त्यामुळे घरच्यांना, कधी डॉक्टरांनाही उशिरा कळते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली तर रुग्णालय गाठावे. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही वजन उतरताना बदलावी लागते. ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे त्यांनी आणि गर्भवती व स्तनदा मातांनी तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये.

आणि पच्चक्खाण? एकासण्याच्या पच्चक्खाणातच आगार सांगितलेले आहेत. अनवधानाने घडलेल्या गोष्टीला आगार आहे, तसा तीव्र व्याधीत समाधी टिकवण्यासाठी औषध घेण्यालाही आहे. सूत्र रोज उच्चारले जाते, पण त्यातील ही सवलत कोणासाठी ठेवली आहे याचा विचार क्वचित होतो. कापऱ्या हातांनी साखरेचे पाणी नाकारणारा श्रावक सूत्राहून अधिक कडक होऊ पाहत असतो. मुनीमजींनी त्या दिवशी दुकानाशेजारच्या वयोवृद्ध श्रावकांना बोलावले, त्यांनी हीच गोष्ट सांगितली, आणि तीन चमचे साखर पाण्यातून पोटात गेली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासून, गरज वाटल्यास पुन्हा तेवढीच द्यावी, हा यातील वैद्यकीय नियम आहे. ज्या घरात मधुमेही तपस्वी आहे, तेथे तो सर्वांना पाठ असावा.

येथे एका गैरसमजाचाही निरास केला पाहिजे. ‘वजनही उतरेल आणि तपही होईल’ असे वाक्य पर्युषणाच्या सुमारास कानांवर येते. तप कर्मनिर्जरेसाठी असते. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्ये. त्यांतील निदान म्हणजे तपाच्या बदल्यात ऐहिक फळाची इच्छा. व्रती शल्यरहित असावा असे तत्त्वार्थसूत्र सांगते. काट्यावर डोळा ठेवून केलेली अठ्ठाई तपाच्या दृष्टीने उणी पडतेच, आणि आरोग्याच्या दृष्टीनेही ती चांगली योजना नव्हे. आठ दिवसांत स्नायूही झिजतात, आणि पारण्यानंतरच्या सत्कारांत मिठाई येते. म्हणून दोहोंच्या चौकटी निराळ्या ठेवणे बरे. पथ्याला पथ्यच म्हणावे. तेही स्वच्छ मनाने केले तर त्यात कमीपणा कसला?

बाह्य तपांतील ऊणोदरीची दिशा मात्र येथे नक्कीच कामी येते. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास मानून त्याहून कमी खाणे, ही ती कल्पना. त्यात कोणताही पदार्थ शत्रू ठरवलेला नाही. दोन महिन्यांच्या चुकांनंतर काकूंनी जे बसवले, ते याच्याच जवळचे होते. आठ फुलक्यांचे चार झाले. भात रविवारपुरता राहिला. चहातील साखर गेली. पहिले पंधरा दिवस घरात त्यावरूनच सर्वांत मोठे वाद झाले. सकाळी पोह्यांऐवजी मुगाच्या डाळीचा चिल्ला. दुपारी घट्ट डाळ दोन वाट्या, आणि दोडका, दुधी, कारली, भेंडी, गवार, तोंडली यांपैकी एका भाजीचा मोठा वाटा. सायंकाळच्या डब्यात घरी केलेले ताजे पनीर. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. फरसाणाच्या जागी मोजके भाजलेले शेंगदाणे. तिथीला हिरवी भाजी नसल्याने त्या दिवशी पथ्य सैल, पण फुलके चारच. तूप बंद नाही आणि वाढवलेलेही नाही. एक मोठा चमचा तूप म्हणजे सुमारे १३५ उष्मांक. धान्य सोडले म्हणून तूप हवे तितके, हा पुतण्याचा हिशेब पन्नाशीच्या बैठ्या शरीराला मानवणारा नव्हता.

या ताटात दिवसाची कर्बोदके सुमारे १८० ग्रॅमवर येतात. वैद्यकशास्त्रात दिवसाला १३० ग्रॅमच्या आतील आहाराला ‘कमी कर्बोदकांचा’ म्हणतात आणि किटोत तर २० ते ५० ग्रॅमच मिळतात. त्या मापाने हे पथ्य मवाळच ठरेल. परंतु इंडिॲबच्याच माहितीवरून २०२२ मध्ये झालेल्या विश्लेषणाने नव्याने मधुमेह झालेल्यांसाठी कर्बोदके ऊर्जेच्या ५० टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास आणण्याचे सुचवले होते. या ताटाची दिशा तीच आहे, आणि जैन घरात ते बारा महिने टिकू शकते. एक गोष्ट वेगळी तपासून घ्यावी, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते शाकाहारात दुधाखेरीज जवळजवळ मिळत नाही आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिनमुळे त्याचे शोषण आणखी घटते. हातापायांना मुंग्या येतात आणि त्या केवळ मधुमेहाच्याच समजल्या जातात.

आठ महिन्यांत ८४ चे ७८ किलो झाले. पुतण्याच्या अकरा किलोंपुढे हे सहा फिकेच. पुतण्याचे पाच दरम्यान परत आले होते, याचा उल्लेख काकूंनी घरात एकदाच केला, पण सर्वांना ऐकू जाईल असा. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा निम्म्यावर आणली. त्या वर्षी पर्युषणापूर्वी पंधरा दिवस गृहस्थ गोळ्यांचे पाकीट आणि तिथींची यादी घेऊन दवाखान्यात गेले. कोणत्या दिवशी एकासणे, कोणत्या दिवशी बियासणे, कोणती गोळी केव्हा आणि कोणती बंद, हे त्यांनी लिहून घेतले. डॉक्टर जैन नव्हते. एकासणे आणि बियासणे यांतील फरक त्यांना समजावण्यात दहा मिनिटे गेली. संवत्सरीच्या उपवासाला त्यांनी संमती दिली नाही. गृहस्थांनी त्या दिवशी बियासणे केले आणि प्रतिक्रमणाला पहिल्या रांगेत बसले.

व्याख्यानानंतर शेजारच्या सभागृहात साधर्मिक वात्सल्य आहे. सूर्यास्तापूर्वी शेवटची पंगत उठायची असल्याने वेळ थोडा आहे. विश्वस्त मंडळाने या वर्षी वाढपाचा क्रम बदलला आहे, याची नोंद घ्यावी. आधी भाजी आणि डाळ येईल, फुलके त्यानंतर, आणि जिलेबी मागणाऱ्यालाच वाढली जाईल. ज्यांच्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या आहेत, त्यांच्यासाठी प्रवेशद्वाराजवळ उकळलेले पाणी ठेवले आहे.